खाटकाच्या पोरीचा भूगोल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खाटकाचं दुकान. त्याची थोरली लहानपणापासून वजनकाट्यावर बसायची, म्हणून सगळे तिला ‘काटा’च म्हणत. काळीज कुठलं, गुर्दा कुठला, हे तिला बाराखडीच्या आधी ठाऊक. त्यामुळे अकरावीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा बापानं ठरवूनच टाकलं. जीवशास्त्र घ्यायचं, प्रवेश परीक्षा द्यायची, डॉक्टर व्हायचं.

“अर्धी डॉक्टर तर तू आत्ताच आहेस,” तो म्हणायचा. “फक्त पुढ्यातलं गिऱ्हाईक जिवंत असेल, एवढाच फरक.”

पोरीला हवा होता भूगोल. बकऱ्यांचा ट्रक आला की ती ड्रायव्हरला छळायची. ही कुठं चरली? तिथं गवत कसलं? मागच्या खेपेची चरबी पिवळी का निघाली? ड्रायव्हर हात जोडायचा. “बाई, मी गाडी चालवतो. बकऱ्यांशी बोलत नाही.”

तिनं भूगोलाचं नाव काढलं तसा बापानं अबोला धरला. त्यात शाळेतून निरोप आला : भूगोलाला पोरंच नाहीत, आणखी चार-पाच मिळाली नाहीत तर वर्ग बंद, मग जीवशास्त्रच घ्यावं लागेल. बाप मिशीत हसला. न बोलता काम होत होतं.

पण रविवारच्या गर्दीत शेजारच्या वकिलीणबाई बोलून गेल्या, “जीवशास्त्र सोडलं म्हणे पोरीनं? झेपलं नसेल. सगळ्यांच्या डोक्यात थोडंच शिरतं!”

खाटकाचा सुरा वरच्या वर थांबला.

“झेपलं नसेल? अहो, ते तिनं पाळण्यात संपवलं! भूगोल अवघड, म्हणून घेतला. तुमचा लेक घेईल? का त्याला सोपंच लागतं?”

वकिलीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण खाटकाला आता चेव चढला होता. दुपारपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला त्यानं मटण बांधता बांधता विचारलं, “तुमच्या पोराला झेपेल का हो भूगोल?” मटणात हाड जास्त आलं तर माणूस चालवून घेतो, पोराला कमी लेखलेलं कुणाला खपतं?

भूगोलाला हवी तेवढी पोरं मिळाली. वकिलीणबाईंच्या लेकाचं नाव सगळ्यांत आधी.

बापानं हार काही कबूल केली नाही. पुढचा ट्रक आला तेव्हा एका बोकडाच्या पाठीवर हात फिरवत, पोरीकडे न बघता तो म्हणाला, “हं, भूगोलवाल्या बाई! हा कुठला?”

“वर्ग सोमवारी सुरू होतोय,” पोरगी म्हणाली. “तोवर ड्रायव्हरला विचारा.”