मारोतीभाऊंचा डोह

सरकारी कामात फायली जमतात आणि किस्सेही जमतात. फायली बदलीच्या वेळी मोजून परत घेतल्या. किस्से कोणी मागितलेच नाहीत, म्हणून ते माझ्याकडेच राहिले!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गोंडपिपरीकडे पाणलोटाच्या कामावर आम्ही दोघं, मोठे साहेब आणि मी, आणि एक खटारा जीप. जंगलातून येणाऱ्या नाल्याचं पाणी वर अडवायचं, जिरवायचं, म्हणजे खाली मासेमार ढिवरांच्या वस्तीशेजारचा डोह उन्हाळाभर टिकेल, असा सगळा बेत. तो डोह पौषातच आटायचा. मग मासोळी नाही, काम नाही, अख्खी वस्ती टेम्पोत बसून मिरची तोडायला आंध्रात! वस्तीतले म्हातारे मारोतीभाऊ म्हणायचे, "डोह भरला तं कोन जाते तिकडं मरायले?"

बस, आमची सगळी धडपड या एका वाक्यासाठी.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. मारोतीभाऊंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उकिडवे बसले आणि काडीनं रेतीत अख्खा नाला काढला, फाटे-बिटे सगळे धरून. मग लोटाभर पाणी वरून ओतलं. पाणी बरोबर सगळ्या फाट्यांतून खाली येऊन एका खळग्यात थांबलं.

"हा डोह," ते म्हणाले.

साहेबांनी नकाशाशी ताडून पाहिलं. रेतीत एक फाटा जास्त निघाला. "हा नकाशात नाहीये, भाऊ."

"नकाशात नसन. जंगलात हाय."

दीड तास काटे तुडवत गेलो. होता! साहेबांनी नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.

*

वरच्या जंगलात गोंडांचं एक गाव. तिथली सोमाबाई चर खोदणाऱ्या बायांची मुकादम. साहेबांनी लेव्हल मोजायची दुर्बीण लावून उतारावर समपातळीत चुन्याची रेघ मारली. सोमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, हे रेघ चुकली."

साहेब इंजिनियर माणूस! "बाई, मशीन चुकत नाही."

तिनं वाद घातला नाही. हातभर चर खोदला, घागरभर पाणी ओतलं. पाणी थांबायच्या ऐवजी गुमान एका बाजूला पळालं. मशीन तपासलं तर जीपमध्ये हादरे खाऊन कललेलं! त्यानंतर साहेब रेघ मारायचे आणि आधी सोमाबाईच्या तोंडाकडे बघायचे.

*

मृग लागला आणि नव्या दगडी बांधातले मधले चार दगड गायब. आम्ही बसवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. साहेब जाम तापले. पाळत ठेवली. भर दुपारी, पावसात, चोर आला. मारोतीभाऊच!

"भाऊ, हे काय करून राह्यले?" मी ओरडलो.

"साहेब, पहिल्या पुरात मासोळी अंडे घालाले वर जाते. तुमी तिचा रस्ताच बंद केला."

एवढ्यात त्या फटीतून काहीतरी चांदीसारखं उसळलं. मग दुसरं, तिसरं, मग मोजणं सोडलं. आम्ही तिघं गुडघाभर पाण्यात येड्यासारखे बघत उभे. एवढी शिकलेली माणसं आम्ही, हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक बांधाच्या ड्रॉइंगमध्ये साहेबांनी फट काढली.

*

नागपूरहून एक बडे अधिकारी पाहणीला आले. "पाण्याची पातळी किती वाढली?"

मी कागद शोधतोय तोवर मारोतीभाऊ बोलले, "पहिले माह्या म्हशीचे गुडघे भिजत. आता निरे शिंगं दिसते."

अधिकाऱ्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. देवाशपथ!

*

तिसऱ्या वर्षी माघ उजाडला आणि डोह तुडुंब! मी आणि साहेब हरखून वस्तीवर गेलो, तर समोर टेम्पो उभा. बोचकी भरून सगळे निघालेले. मी धावत मारोतीभाऊंना गाठलं.

"भाऊ, डोह भरलाय ना! काऊन चालले?"

"भरला. कालच मासोळी पाहून आलो. मरळ हाय, वाम हाय, शिंगाडा हाय." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "कित्येक सालानं पोरी माहेरी आल्या, साहेब. पहिल्याच खेपेले जाळं टाकू त्याईच्यावर? यंदा राहू द्या, वाढतीन. आमी येतो मिरची तोडून."

आणि त्यांनी आपलं जाळं माझ्या हातात दिलं. "हे तुमच्या खोलीवर ठेवा. आल्यावर कोनी मागंन, तं देऊ नका. मलेबी."

मग टेम्पोतून एकेक जण खाली उतरला. आपलं जाळं आणून ठेवलं आणि परत टेम्पोत चढला. जीपची मागची सीट जाळ्यांनी भरली. साहेब टोपी काढून नुसते उभे होते.

सगळ्यात शेवटी मारोतीभाऊंची म्हातारी आली. तिनं झिंगे धरायची टोपली जाळ्यांवर ठेवली.

"हेही न्या, बाबू. माह्या हाताचा भरोसा नाई."