तेलात कालवलेलं कुंकू

"पाणी हलत नसेल, तर त्याला पाणी तरी कशाला म्हणायचं?"

सहदेव नाखवा हे म्हणाला ते खाडीबद्दल नाही, कॉम्प्युटरवरच्या एका खेळाबद्दल. त्याची बायको मालन तेव्हा दारात जवळा निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "खरं पानी नळाला दोन दिवसांनी येतंय, आन् तुमाला खोटं पानी हलाया पायजे."

सहदेव हसला नाही. पाणी हा त्याच्या घराण्यात थट्टेचा विषय नव्हता.

तो जन्मला ठाण्यात, चेंदणीला. बाप दामाजी होडी घेऊन खाडीत जायचा. बोय, कोळंबी, नशीब असलं तर एखादा जिताडा. दहा वर्षांचा सहदेव पाण्याकडे बघून भरतीला किती वेळ आहे ते सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. पुढे काठाकाठानं कारखाने झाले, पाण्यावर तवंग आला, जाळ्यात मासळीपेक्षा काळा गाळ जास्त यायला लागला. एका सकाळी दामाजीनं होडी काठावर उपडी घातली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून मुलाला म्हणाला, "तू कारखान्यात जा. ही घाण जिकडनं येते ना, तिकडंच जा."

सहदेव गेला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तो तेवीस वर्षं लेथपुढे उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी उजव्या अनामिकेचं टोक लेथनं नेलं. जखम भरली, बोट अर्धवट चंद्रासारखं कापलेलं राहिलं.

शेजारच्या लेथवर पंढरी घाडगे होता. साताऱ्याकडचा, बोलघेवडा, हाताचा सफाईदार. टूलरूमचा नियम एकच : एकानं मोजलेलं दुसऱ्यानं परत मोजायचं. सहदेव सगळ्यांचं परत मोजायचा, साहेबांचंसुद्धा. फक्त पंढरीचं माप तो तसंच पुढे पाठवायचा. "पंढऱ्यानं बघितलं ना? मग झालं." एकदा पंढरीचं माप चुकलं आणि एक अख्खी डाय, महागाचा साचा, वाया गेली. पंढरीच्या बायकोचे त्या आठवड्यात दिवस भरले होते. सहदेवनं साहेबांपुढे जाऊन चूक आपल्या अंगावर घेतली आणि तीन दिवस बिनपगारी घरी बसला. त्यावर दोघांत पुन्हा कधी शब्द निघाला नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असं सहदेवला वाटायचं. पंढरीला काय वाटायचं ते त्यानं कधी विचारलं नाही.

खंडेनवमीला टूलरूममध्ये मशीनांची पूजा व्हायची. कोरडं कुंकू लेथ फिरायला लागला की थरथरून उडून जातं, म्हणून तिथली जुनी माणसं कुंकू मशीनच्या तेलात कालवायची. तो टिळा वर्षभर टिकायचा आणि कोणी तो पुसायचा नाही. मशीन पुसताना फडकं टिळ्यापाशी आलं की आपोआप वळसा घालून जायचं. टिळा पुसला की वर्षाच्या आत बोट जातं, असं सगळे मानत. ज्यांची आधीच गेली होती तेही मानत. सहदेवचा टिळा त्याच्या बोटामुळे गोल उमटायचा नाही. एका बाजूनं खाल्लेला उमटायचा. टूलरूममध्ये कुठल्याही मशीनवर तो दिसला की कोणीही सांगायचं, ही पूजा सहदेवनं केलीय.

शहाण्णव साली कारखान्याला कुलूप लागलं. आलेल्या पैशांत सहदेवनं डोंबिवलीला कोपरमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि एका लहानशा वर्कशॉपमध्ये पहिल्या पाळीला जायला लागला. पंढरीनं मात्र लेथला हात लावायचा नाही असं ठरवलं. सहा महिने कुठेतरी जाऊन कॉम्प्युटर जोडायला शिकला आणि डोंबिवली पूर्वेला एका गाळ्यात दुकान टाकलं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक सहदेव. मुलगी शालू कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, तिच्यासाठी त्यानं मशीन घेतलं. शालू कोर्स संपवून, लग्न होऊन शहाडला गेली. कॉम्प्युटर मागे राहिला, मालननं शिवलेल्या फुलाफुलांच्या अभ्र्याखाली.

तो अभ्रा काढायला लावला पंढरीनंच. एका रविवारी सीडी घेऊन आला. "सद्या, बोटींची शर्यत आहे. तू नाखव्याचा पोरगा, तुला नाही जमणार तर कोणाला?" सहदेवनं खेळून पाहिलं. बोटी बऱ्या होत्या, पण त्या निळ्या फरशीवरून घसरत होत्या. तेव्हाच तो ते वाक्य बोलला. पंढरी म्हणाला, "पाणी हलवायला वेगळं कार्ड लागतं. थ्रीडी कार्ड. टाक, मग बघ."

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला ते कार्ड आलं. मशीन उघडं होतं. सहदेव म्हणाला, "थांब." मालनच्या शिलाई मशीनचं तेल त्यानं वाटीत घेतलं, कुंकू कालवलं आणि कार्डाच्या हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यावर टिळा लावला.

"अरे लेथ आहे का हा, सद्या? चिपला लागलं तर तुझं कुंकू आणि माझं कार्ड, दोन्ही गेलं."

"कोपऱ्यातच लावलंय. तू हात जोड."

पंढरीनं हात जोडले. मग कार्ड बसवलं, मशीनचा डबा बंद केला आणि सांध्यावर दुकानाच्या नावाचा कागदी शिक्का चिकटवला. "हा फाडायचा नाही. फाडला तर माझी गॅरंटी नाही."

"तू बंद केलंस ना? मग मी कशाला उघडतोय?"

आणि पाणी हललं. बोटीच्या मागे दुभंगलं, पुन्हा जुळलं, उन्हाचे तुकडे घेऊन काठाकडे गेलं. सहदेव उभा राहिला. त्या हिवाळ्यात तो पाळीहून आला की जेवून कॉम्प्युटरपुढे बसायचा. शर्यत सुरू झाली की बाकीच्या बोटी पुढे जाऊ द्यायचा आणि स्वतःची मधेच थांबवायचा. पाण्यावर ती हलकेच वरखाली व्हायची. गाळ नाही, तवंग नाही. बापाच्या होडीत पहाटे तो पुढच्या टोकाला बसायचा, तेव्हा पाणी असंच होतं की आठवणीनं ते असं केलं होतं, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

पंढरी भेटला की विचारायचा, "कितवा आलास?"

"शेवटचा."

"नाव घालवलंस नाखव्यांचं!"

"पाणी बघत होतो."

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात मशीन घरघरायला लागलं. आतला पंखा धुळीनं भरला असेल म्हणून पंढरी ते साफ करायला दुकानात घेऊन गेला. आठ दिवसांनी आणून दिलं. सांध्यावर नवा कोरा शिक्का होता. सहदेवनं शर्यत लावली, बोट मधे थांबवली. बोट थांबली आणि पाणीही थांबलं.

त्याला आधी वाटलं, आपले डोळे गेले. पन्नाशी आली होती, आयुष्यभर लोखंडाच्या किसाकडे बघितलं होतं. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नजर चांगली आहे. जुनाच चष्मा चालेल." डॉक्टरांवर त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं नवीन चष्मा करून घेतला. नव्या चष्म्यातून पाणी आणखी स्पष्ट दिसलं, आणखी स्पष्टपणे मेलेलं.

मग तो पंढरीकडे गेला.

"असं होतं रे," पंढरी म्हणाला. "चिप तापते, निवते, तापते, निवते. मंदावते शेवटी. टूलची धार कशी जाते? तसंच. नवीन घ्यावं लागेल."

हे दुसऱ्या कोणाला पटलं नसतं कदाचित. टूलरूमच्या माणसाला लगेच पटलं. झिजत नाही असं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "आठ महिन्यांत?"

"तू रोज लावत होतास ना. मग?"

म्हणजे पाणी आपणच बघून बघून झिजवलं, ही बोच घेऊन तो घरी आला.

पुढचे पाच-सहा महिने त्याच्या डोक्यात एकच घोळ होता. घ्यावं की नाही? नवीन कार्ड म्हणजे दीड महिन्याचा किराणा. तेही आठ महिन्यांत झिजणार. खेळ तो खेळ, त्यानं पोट भरत नाही. पण धार गेलेलं टूल कोणी मशीनला तसंच ठेवत नाही. एक तर बदलायचं, नाही तर मशीन झाकून टाकायचं. त्यानं मशीन झाकून पाहिलं. दुपारी जेवण झालं की तो त्या अभ्र्याच्या फुलांकडे बघत बसायचा. मालननं टाकीसाठी पैसे बाजूला टाकले होते. टाकी आली तर नळाचं पाणी साठवता येणार होतं. त्या पैशांचं नाव त्यानं काढलं नाही, पण तिच्या ते लक्षात आलं.

"काय हाय त्या पान्यात?" तिनं एकदा विचारलं.

त्यानं अभ्र्याचं टोक सरळ केलं. शेवटी म्हणाला, "बाबा बसलेत मागे, असं वाटतं."

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तिनं टाकीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. वर सुक्या जवळ्याचा डबा दिला. "पंढरीभावजींना द्या. त्यांना आवडतो. आन् जावा आता, तुमचं हे तोंड मना बघवत नाय."

पंढरीच्या दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला एक मशीन लावलेलं असायचं. पंढरीनं डबा उघडून वास घेतला, "वहिनी म्हणजे वहिनी!" म्हणाला आणि सहदेवला त्या मशीनपुढे बसवलं.

"नवंकोरं घेऊ नको, सद्या. उगीच पैसे जातील. मी दुकानाला नवीन आणलंय. हे यातलं तुला देतो, निम्म्यात. तू आधी बघ, मग ठरव. माझ्या बोलण्यावर जाऊ नको."

सहदेवनं शर्यत लावली. बाकीच्या बोटी गेल्या. त्यानं आपली बोट थांबवली. पाणी तिच्या अंगाला हलकेच लागलं, मागे सरलं, पुन्हा आलं. तेच. अगदी तेच.

"काय, घ्यायचं?"

"घ्यायचं," सहदेव म्हणाला. "घ्यायचं रे. काढ."

त्यानं खिशातले पैसे काढून हातात धरले. पंढरीनं मशीन बंद केलं, त्याचा डबा उघडला, दोन बोटांनी कार्ड अलगद उपसलं. त्यावर धूळ बसली होती. बोलता बोलता त्यानं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पुसायला लागला. "आता हे जपून वापर. रोज तासभर, बस. तापू द्यायचं नाही. आणि मशीन घेऊन ये, तुझं ते जुनं मी काढून घेतो, त्याचेही थोडे..."

फडकं पट्टीवरून सरळ आलं, कोपऱ्यापाशी पोचलं आणि वळसा घालून गेलं.

तो वळसा सहदेवनं तेवीस वर्षं पाहिला होता. त्याची नजर आपोआप फडक्यानं सोडलेल्या जागेवर गेली. हिरव्या कोपऱ्यात काळपट लाल टिळा होता. एका बाजूनं खाल्लेला.

पंढरीचा हात थांबला. त्यानंही तो टिळा त्याच क्षणी पाहिला असावा, किंवा इतके महिने रोज पाहत आला असावा आणि म्हणूनच त्याला तो दिसत नसावा. मित्राच्या मशीनमधून कार्ड काढताना त्याचा हात अडला नव्हता. कुंकू पुसायला मात्र तो धजला नव्हता.

"सद्या," तो म्हणाला. "दुकानात दाखवायला काहीच नव्हतं रे तेव्हा. गिऱ्हाईक यायचं आणि तसंच जायचं. परत लावणारच होतो. आईशप्पत. मग म्हटलं..."



सहदेवनं नवीन चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पंढरीच्या हातातल्या कार्डापाशी त्यानं आपली अनामिका नेली आणि तिचं कापलेलं टोक टिळ्यावर ठेवलं. बरोबर बसलं. मोजलेलं त्यानं परत मोजलं. पंढरीचं माप तो पहिल्यांदाच परत मोजत होता, आणि आता तेवीस वर्षांतली बाकीची सगळी मापं मोजायची राहिली होती. ती वाया गेलेली डाय. लेथवरनं पुढे गेलेला प्रत्येक नग. "पंढऱ्यानं बघितलं ना?" असं जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा.

"बोल ना काहीतरी," पंढरी म्हणाला. "शिव्या दे. पण बोल, सद्या."

सहदेवनं बोट उचललं. पैसे घडी करून खिशात ठेवले. जवळ्याचा डबा टेबलावर उघडा होता, त्याचं झाकण त्यानं नीट दाबून बसवलं आणि डबा तिथंच ठेवला. मग दुकानाची पायरी उतरून, मागे न बघता, तो चालायला लागला.