हत्तीकडे पाठ

कुणी काही काम सांगितलं की आमचे मामा आधी डाव्या खांद्याला हात लावत, मग उजव्या खांद्याला, आणि मान तिरपी करून विचारत, "हुकूम कुणाचा? बेंगळूरचा का दिल्लीचा?"

काम कुठलंही असो. त्यांचं म्हैसूरला शिवरामपेटेत शिलाईचं दुकान होतं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, पँट थोडी आखूड करा. मामांनी खांदे चाचपून हाच प्रश्न टाकला. गिऱ्हाईक बिचारं खरोखर विचारात पडलं आणि म्हणालं, "माझाच हुकूम." "मग होत नाही," मामा म्हणाले, "तुमचं सरकार अल्पमतात आहे. बायकोला घेऊन या."

मामा शिंपी होते आणि होमगार्डही होते. मी विमा कचेरीत कारकून आहे आणि मीही होमगार्ड. मामा का होमगार्ड झाले ते पुढे सांगतो, मी झालो तो मात्र निव्वळ अपराधी वाटून. मला ती लहानपणापासूनची सवय आहे. वर्तमानपत्रात पुराची बातमी वाचली तरी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चाळिशी उलटल्यावर, देशासाठी आपण काडी हलवली नाही हे एकदम मनाला लागलं आणि मी नाव घातलं. मामा आमच्या तुकडीचे सार्जंट. सगळी तुकडी त्यांना मामाच म्हणायची. पहिल्याच कवायतीत मी उजवीऐवजी डावीकडे वळलो आणि लगेच माफी मागितली.

"माफी कशाला रे," मामा म्हणाले, "वळत राहा. कधीतरी बरोबर दिशा येतेच."

त्या खांद्यांचा अर्थ मला हळूहळू कळला. तरुणपणी मामा दिल्लीच्या राखीव फौजेत होते. वर्षातले काही आठवडे शिंप्या-सुतारांना लष्करी कपडे घालून जवान करायचं आणि मग घरी पाठवायचं, अशी ती फौज. म्हणजे उजवा खांदा दिल्लीचा. ते सोडल्यावर ते होमगार्ड झाले, आणि होमगार्ड म्हणजे राज्याचा माणूस. म्हणून डावा खांदा बेंगळूरचा. "मधे मान तेवढी माझी," ते म्हणत, "तीसुद्धा दुखते."

मामांच्या घरातही तीच व्यवस्था. आई म्हैसूरची, पिढ्यान्‌पिढ्या इथली. तिच्या मराठीत निम्मी कन्नड. बायको सांगलीची, शुद्ध बोलणारी. आई म्हणजे राज्य, बायको म्हणजे केंद्र. आई म्हणे, "सुम्ने उगाच बसू नको, गॅस आण की." बायको त्याच क्षणी म्हणे, "अहो, आधी पिठाची गिरणी." मामा उंबऱ्यात उभे राहून मला म्हणत, "मी राखीव दल. दंगल कुठल्याही बाजूला होऊ दे, दोघी मलाच मागवतात. आणि जेवायला कुणाकडे बसायचं, ते दोघीही सांगत नाहीत." आई गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि सांगलीला राहायला गेले. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मध्यंतरी फोनवर म्हणाले, "शेवटी केंद्रात विलीन झालो रे."

पण एक माणूस असा होता की जो मामांनाच प्रश्न विचारायचा. त्यांची आत्या. ती कृष्णराजनगरला राहायची, कावेरीच्या काठी, भाताच्या शेतात घर. सणाला म्हैसूरला आली की पायरीवरूनच ओरडायची, "काय रे, कागद आला का?"

मामा हसायचे. पण मी एक पाहिलं, तेवढं हसून झालं की ते मशिनीवर जाऊन बसायचे आणि सरळ शिवण उगाच दोनदा मारायचे.

गोष्ट अशी. मामा राखीव फौजेत असताना कावेरीला पूर आला. त्यांची तुकडी जवळच सरावाला होती, ती थेट काठावर नेली. पण लष्कराने मुलकी कामात हात घालायचा तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तसं लेखी मागायला हवं. बेंगळूर म्हणे, दिल्लीने आपणहून यावं. दिल्ली म्हणे, बेंगळूरने मागावं. तुकडी काठावर बसून राहिली. आणि समोर, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, छपरावर कोण, तर मामांची आत्या.

"अरे, येतोस का नाही?" आत्या ओरडली.

"आत्या, कागद यायला हवा!" मामा ओरडले.

मामा ही गोष्ट फार रंगवून सांगत. आत्याने छपरावरून त्यांच्या बापजाद्यांचा कसा उद्धार केला, त्यांच्या सुभेदाराला मराठी कळत नव्हती हे त्याचं केवढं नशीब, सगळं. शेवटी वेताच्या गोल होडीतून गावचे कोळी गेले आणि आत्याला घेऊन आले. त्यांना कुणाचाच कागद लागला नाही. इथे ऐकणारे हसायचे आणि मामा गोष्ट संपवायचे. पण ती तिथे संपत नव्हती. आत्याची गाय गोठ्यात बांधलेली होती. दोरी सोडायला कुणी पोचलं नाही. हे मला मामांनी नाही, आत्याने सांगितलं.

त्यानंतर मामांनी ती फौज सोडली आणि होमगार्डात आले. "इथला साहेब निदान हाकेच्या टप्प्यात असतो," एवढंच कारण ते सांगत.

आता दसऱ्याचं. तुम्ही कधी जंबूसवारी, म्हणजे म्हैसूरची हत्तींची मिरवणूक, बघायला आला असाल तर रस्त्याच्या दोन्ही कडांना दोरी धरून उभे असलेले आम्ही तुम्हाला दिसलो असू. नीट आठवा. आमची तोंडं तुमच्याकडे होती. होमगार्डाने गर्दीकडे बघायचं असतं, मिरवणुकीकडे पाठ. मामा इतकी वर्षं त्या दोरीवर उभे राहिले. सोन्याची अंबारी त्यांच्यामागून पाचसहा हातांवरून जायची, आणि त्यांनी ती एकदाही पाहिलेली नव्हती.

"मी हत्ती नाही बघितला," ते म्हणत, "हत्ती बघणारी तोंडं बघितली. खरं सांगू? हत्ती जवळ आला की आमदाराचं आणि फुगेवाल्याचं तोंड सारखंच उघडतं. पार मागच्या दाढा दिसतात. दाताच्या डॉक्टरने इथे उभं राहावं."

थट्टा खरी, पण ती इच्छा त्यांना सोडत नव्हती. मिरवणुकीत हत्तींच्या कडेने दोरी धरून काही होमगार्ड चालतात. त्यांना हत्ती दिसतो, अगदी डोळ्यांच्या पापण्यांसकट. मामांची साठी जवळ आली होती, तो त्यांचा होमगार्डातला शेवटचा दसरा. आमच्या साहेबांनी शब्द दिला: या वर्षी तुम्ही हत्तीबरोबर चालायचं. मामांनी स्वतःसाठी नवा गणवेश शिवला. गिऱ्हाइकांचे कपडे महिनाभर लटकत राहिले.

आणि त्याच वर्षी पाऊस कमी झाला. कबिनी धरणाचं पाणी खाली तमिळनाडूला सोडलं म्हणून एच. डी. कोटेकडचे शेतकरी रस्त्यावर बसले. बेंगळूरने आपले राखीव पोलीस पाठवले, दिल्लीने आपली तुकडी पाठवली, आणि मध्ये, अडकित्त्यातल्या सुपारीसारखे, आम्ही. हुकूम असा की रस्ता मोकळा करेपर्यंत दोन्ही बाजूंनी एकही वाहन सोडायचं नाही.

आमच्याकडे दोरखंडसुद्धा नव्हता. सरकारी दोरखंड दसऱ्यासाठी राखून ठेवलेला. म्हणून मामांनी घरच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. निघताना बायकोने बजावलं होतं, "संध्याकाळी परत आणा. धुणं पडलंय." दोरीचं एक टोक मामांनी चिंचेच्या झाडाला बांधलं. दुसऱ्या बाजूला खांब नव्हता, म्हणून मी होतो.

जेवणाची वेळ झाली. राज्याच्या पोलिसांसाठी पुडकी आली, त्यांच्यापुरती मोजून. केंद्राच्या तुकडीची स्वतःची चूल, तिथे पुऱ्या तळत होत्या. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण कुणातरी होमगार्डानेच काढली असणार. शेवटी आम्हाला जेवायला घातलं ते आंदोलकांनी. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे मोठाले गोळे, आणि सार. ज्यांना अडवायचं त्यांच्याच पंगतीला बसल्याचं मला फार अपराधी वाटलं. मी दोन मुद्दे खाल्ले.

तेवढ्यात जंगलाकडून एक ट्रक आला. त्यात हत्तीण उभी. दसऱ्याच्या हत्तींतली ती, मागे राहिलेली, म्हैसूरला निघाली होती. तिच्या डाव्या कानाला मोठी चीर होती. पाय दोरखंडाने ट्रकला बांधलेला.

शेतकऱ्यांचा पुढारी आपणहून उठला. "अय्यो, तिला कशाला अडवता? ती काय आमचं पाणी चोरून नेते? जाऊ द्या." त्याची माणसं भराभर बाजूला झाली. म्हणजे बघा, ज्यांनी रस्ता अडवला होता त्यांनी तो मोकळा केला, आणि ज्यांना मोकळा करायला पाठवलं होतं त्यांनी तो अडवून धरला.

राज्याचा इन्स्पेक्टर म्हणाला, "मेलिंदा ऑर्डर बरबेकु." वरून हुकूम यायला हवा. मग आम्हाला हळूच म्हणाला, "दिल्लीवाल्यांच्या देखत मी एक गाडी सोडली तर उद्या म्हणतील, राज्याला बंदोबस्त जमत नाही."

केंद्राचा अधिकारी म्हणाला, "मामला स्टेट का है. वो बोलें, हम हटा देंगे. हम अपने मन से करें तो अख़बार में आएगा, दिल्ली ने राज्य का काम छीन लिया."

दोघांनी आपापल्या वरिष्ठांना फोन लावले. हत्तीण कुणाची यावर वाद सुरू झाला. जंगल राज्याचं, पण हत्तीचा कायदा दिल्लीचा. मामा म्हणाले, "हत्तीण त्यांची, कायदा यांचा, आणि शेण मात्र आपल्यावर." ते खरंच होतं. मी ट्रकच्या अगदी जवळ उभा होतो.

ऊन चढत गेलं. हत्तीण आधी डोकं हलवत होती, मग अंग झुलवू लागली. तिच्याबरोबर ट्रक झुलू लागला. रस्त्याची कड मातीची, खाली कालवा. माहूत तिच्या सोंडेला कवटाळून रडकुंडीला आला. "आता उभी राहायची नाही ही, सार. गाडी चालली तरच शांत होईल." दोन्ही साहेबांच्या कानाला फोन. दोघांनीही त्याला हातानेच 'थांब' म्हटलं.

मामा ट्रकपाशी गेले. तिच्या पायातल्या दोरखंडाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हात डाव्या खांद्याला गेला, उजव्या खांद्याला गेला. पण प्रश्न आला नाही. ते सरळ चिंचेकडे चालत आले.

मी घाबरलो. "मामा, हुकूम कुणाचा? दसरा जाईल हातचा!"

"धुणं पडलंय रे घरी," मामा म्हणाले, आणि गाठ ओढली.

शिंप्याची गाठ. एका झटक्यात सुटली. दोरी रस्त्यावर पडली, ट्रक तिच्यावरून निघून गेला, आणि दुसरं टोक घट्ट धरून मी तसाच उभा राहिलो.

त्या संध्याकाळी केंद्र आणि राज्य यांचं एकमत झालं. मी तरी ते पहिल्यांदाच पाहिलं. दोघांनीही कळवलं की वाट होमगार्डाने हुकमाशिवाय उघडली. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांपुढे मामा उभे राहिले.

"वाट का उघडली?"

"वाट नाही उघडली, साहेब. दोरी माझी होती, घरी नेली."

साहेब चांगला माणूस होता. त्याने मान खाली घातली. मला राहवलं नाही, मी पुढे झालो. "साहेब, दुसरं टोक माझ्या हातात होतं. दोष माझाही आहे."

"तुम्ही कोण?"

"मी... खांब."

"बसा," साहेब म्हणाले. आयुष्यात एकदा अपराध कबूल करायला उभा राहिलो, तर कुणी तो घ्यायलाच तयार नाही.

मामांनी बिल्ला, पट्टा आणि शिट्टी टेबलावर ठेवली. नवा गणवेश त्यांनी उसवला. त्याच्या पिशव्या शिवल्या. एक माझ्याकडे आहे, मी तीत भाजी आणतो आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं.

दसरा आला. मी दोरी धरून उभा, तोंड गर्दीकडे. आणि माझ्या बरोबर समोर मामा. अंगात साधा पांढरा शर्ट, हाताला धरून आणलेली आत्या. तिने काठीने मला ढोसलं. "ए पोलिसा, सरक की जरा. नुसता दगड!"

"आत्या, तो खांब आहे," मामा म्हणाले.

मग तिने मामांकडे बघितलं. "काय रे, कागद आला का?"

"आला की आत्या. घरी बसवल्याचा."

आत्या हसली नाही. गर्दीच्या आवाजात तिने तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं, पण ती जरा बहिरी असल्याने मला सगळं ऐकू आलं.

"सुटली ना पण ती?"

"सुटली."

आत्याने मान हलवली आणि त्यांचा दंड आणखी घट्ट धरला.

माझ्या मागे वाद्यं वाजू लागली. जमीन जरा हलल्यासारखी झाली. मी वळलो नाही. वळायचं नसतं. मी मामांकडे बघत राहिलो. त्यांचा हात डाव्या खांद्याकडे निघाला आणि अर्ध्यावरच थांबला. "तीच!" ते ओरडले. "तीच ती, कान फाटका!" आणि मग त्यांचं तोंड उघडलं, आमदारासारखं, फुगेवाल्यासारखं, अगदी पार.

मामांच्या मागच्या एका दाढेत चांदी भरलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.