भुताच्या कपाटाचा वैताग

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या वाचनालयात बालविभाग सांभाळून मला एकोणीस वर्षं झाली. पगार होता तिथंच आहे, गुडघे गेले, वाढले ते फक्त किस्से. तेही सगळे एकाच कपाटाचे. पोरांच्या भयकादंबऱ्यांचं कपाट! नुसता ताप आहे डोक्याला.

*

सुरुवातीच्या वर्षांत एकदा एक आई तावातावानं आली. "मॅडम, पोरगं आठ दिवस एकटं बाथरूमला जाईना झालंय. मला दाराबाहेर उभी करून गाणी म्हणायला लावतंय!"

मी माफी मागितली, पुस्तक परत घेतलं. बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"ह्याचा दुसरा भाग हाय काय? दारात उभं राहून पयला वाचून झाला माझा."

*

पाचवीतल्या स्वरानं पुस्तक परत दिलं, तर मधली पानं स्टेपल केलेली. नऊ पिना!

"हे काय गं?"

"ते भाईर येऊ नये म्हणून."

अर्धा तास बसून मी नखानं पिना काढल्या. पुस्तक पुढच्या पोराला दिलं, तर त्यानं उघडून बघितलं आणि टेबलावर ठेवलं.

"पिना कुठं गेल्या? पिनांचंच पायजे मला!"

*

खरी कटकट वेगळीच. हल्ली शाळा सुटली की ही पुस्तकं जातात आणि सातला आम्ही बंद करायच्या आत सगळी परत येतात. रात्री घरात ठेवायची एकाची टाप नाही! "राखून ठेवा मॅडम, उद्या न्हेतो." रोज तीच रांग, रोज त्याच नोंदी. हात भरून येतो माझा.

एकाला म्हटलं, "अरे, एक रात्र ठेव की घरी."

"तुमी ठेवता काय?"

मी पुढची नोंद करायला घेतली. मी पण नाही ठेवत.

*

गेल्या महिन्यात सकाळी कमिटीची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष आबा, जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले. त्यांनी रजिस्टर चाळलं.

"मॅडम, ही पुस्तकं न्हेली त्याच दिवशी परत येत्यात. म्हंजे कोण वाचतच न्हाय! उद्या सगळी रद्दीत घाला. तितं स्पर्धा परीक्षेची लावू."

मी सांगितलं, पोरं भितात म्हणून परत आणतात. सगळी कमिटी हसली. "पुस्तकाला भित्यात व्हय!"

लई वाईट वाटलं हो. किती का वैतागेना मी, बाकीच्या कपाटांवर धूळ बसते आणि ह्या एकाच कपाटाची कडी पोरांच्या हातानं झिजलीय. मी उठले, एक कादंबरी काढली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. "रद्दीत घालायच्या आधी एक वाचून बघा."

"आणा हिकडं! आठवडाभर ठेवतो."

*

त्याच दिवशी पावणेसातला नेहमीची रांग लागली. सगळ्यात पुढं स्वरा. सगळ्यात मागं आबा! हातात कापडी पिशवी, पिशवीला दोन गाठी.

स्वरानं मागं वळून बघितलं आणि काही न विचारता त्यांना पुढं घेतलं.

आबांनी पिशवीच टेबलावर ठेवली. "कपाट हाय तितंच ऱ्हाऊ दे."

"आणि रद्दीचं काय?"

आबा माझ्याकडं वाकले. आवाज एकदम खाली.

"रद्दीवाला आमच्या घराशेजारीच हाय की वो!"