पत्र्याचं कोंबडं

सायकलला ग्रीस लावलं, की त्या वासासरशी मला भिलाईतली माझी गाडी आठवते. तिथं रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा बाबांनी भंगारातल्या बेअरिंगवर फळी ठोकून ती मला करून दिली होती. पण शेजारच्या मुलीकडे रशियन साहेबानं दिलेलं, किल्ली दिली की टोचे मारणारं पत्र्याचं कोंबडं होतं आणि ते बघून मी रोज जळायचो. एकदा तीच म्हणाली, "कोंबडं घे, गाडी मले दे." मी लगेच दिली. कोंबड्यानं चार टोचे मारले आणि ते थांबलं. तिकडे सगळी पोरं तिला गाडीवर बसवून उतारावरून पळवत होती. मी भोकाड पसरलं. "आता कावून रडून राहिला रे?" आई म्हणाली, "तूच तं कोंबड्याच्या मागं लागला होता." आजही नातीसाठी खेळणं घ्यायला गेलो, की मी आधी दुसऱ्यांच्या पोरांनी काय उचललंय ते बघतो.