मुळेकाकूंच्या दारातली रांगोळी

मुळेकाकूंवर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. मी त्यांच्या नात्यातला नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. चुकलं तर सांभाळून घ्यावं. काकूंची परवानगी मागितली असती, तर त्यांनी आधी हेच विचारलं असतं की तुला हे कुणी सांगितलं, आणि त्यात त्याचा काय फायदा.

ग्वाल्हेरला बायपासच्या पलीकडे आमची कॉलनी. बाबा ऑटो चालवतात. बिर्लानगरची जुनी खोली सोडून आम्ही इथे भाड्याने आलो. इथल्या रिकाम्या प्लॉटांच्या भिंतींवर ‘यह प्लॉट बिकाऊ नहीं है’ असं रंगवलेलं असतं, कारण मालक लांब असला की दुसराच कुणी जागा विकून मोकळा होतो. काकूंनी तसं आपल्या राहत्या घरावर रंगवून घेतलं होतं. मी नवा होतो, थांबून ते वाचत होतो, तेवढ्यात खिडकीच्या जाळीतून आवाज आला, “क्या नाप रहे हो?” गडबडून मी मराठीत म्हणालो की काही नाही, वाचतोय.

मग त्या म्हणाल्या, “मराठी आहेस म्हणून चांगला असशील, असं काही नाही.”

त्यांनी माझं आधार कार्ड जाळीला लावून बघितलं आणि फोटो माझ्यासारखा दिसत नाही म्हणाल्या.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी, अंजलीताई, पुण्याला. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ भाचीच्या लग्नाला गेले आणि परत आले तर त्यांच्या दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. तेव्हापासून काकू घर सोडून कुठेच गेल्या नव्हत्या. “ताला दिसला की कब्जा,” म्हणायच्या. दाराशी काकांच्या चपला असत. काकांचा एक सदरा रोज ओला करून दोरीवर वाळत घातला जाई. आणि उजाडायच्या आत उंबऱ्यापुढे रांगोळी, म्हणजे घर नांदतं आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं.

जागांची खरेदी-विक्री करणारे भदौरियाजी जाता-येता वाकून “काकीजी, प्रणाम” म्हणत. मला ते सज्जन वाटायचे. काकूंना नाही. “इतकं वाकून कोण नमस्कार करतं? गेटची कडी बघून राहिलाय तो.” मग मीही बघू लागलो, आणि खरंच, त्यांची नजर गेटवर असायची. की मला तशी वाटायची, ते आजही सांगता येत नाही.

पुढे काकूंनी मला त्यांच्या बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसू दिलं. आमच्या घरी जागा नव्हती, त्यांना घरात पुरुषाचा आवाज हवा होता. इतिहास मोठ्याने वाचायचा, रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, अशी अट. चहा द्यायच्या, पण मी साखरेचा डबा कुठे ठेवतो तेही बघायच्या.

यंदा उन्हाळ्यात त्यांना धाप लागू लागली. अंजलीताई रोज फोनवर रडत, पुण्याला ये, उपचार करू. काकूंचं एकच, घर कोण बघेल. शेवटी त्या तयार झाल्या. कॉलनीत कुणाला कळता कामा नये, या बोलीवर. त्यांनी मला रांगोळी शिकवली. खुर्चीत बसून, धाप टाकत, फरशी पुन्हा पुन्हा पुसायला लावून. “चिमटीतून सोड, मीठ टाकून राहिलास का?”

मग भर दुपारी, लू वाहत असताना आणि सगळी कॉलनी दारं लावून पडलेली असताना, बाबांच्या ऑटोतून त्या स्टेशनला गेल्या. हातात भाजीची पिशवी. सामान बाबांनी आधीच कूलरच्या खोक्यात घालून नेलं होतं.

मी काकूंच्या घरी राहू लागलो. चपला, सदरा, रांगोळी. समोरच्या मराठी बायका विचारत, काकू दिसत नाहीत? मी म्हणे, गुडघे धरलेत. रोज काकूंचा फोन येई. कोण आलं, कोण थांबलं, भदौरिया काय बोलला.

श्रावणात फोन अंजलीताईंचे येऊ लागले. आई झोपली आहे. आईला बोलायची मनाई आहे. प्रश्न मात्र तेच. नागपंचमीला मी दारात नाग काढून फोटो पाठवला, तर उत्तर आलं, “छान.” काकू कधी छान म्हणाल्या नव्हत्या. मला संशय आला, की आईला बाजूला ठेवून मुलगी घर विकते आहे. भदौरियाजींना मी गेटपाशी फोनवर बोलताना पाहिलं आणि तो फोन पुण्याचाच असणार असं धरून चाललो. एकदा मी अंजलीताईंना सरळ म्हणालो की काकूंचा आवाज ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही. त्यांनी फोन ठेवला.

गणपती झाल्यावर एका सकाळी अंजलीताई स्वतः आल्या. रांगोळी ओलांडताना थबकल्या, बाजूने आत आल्या. घराला आता आपलं नाव लागलं, कालच कागद हातात आले, असं म्हणाल्या. मी विचारलं, काकूंनी सही केली?

“आई गेली रे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी.”

घरात कुणी गेलं की आपल्यात दारात रांगोळी घालत नाहीत. मी त्या तेरा दिवसांत रोज घातली होती, रंग भरून. एवढंच तोंडातून निघालं की मला सांगायचं तरी.

“तिनेच बजावलं होतं,” अंजलीताई म्हणाल्या. “नाव लागेपर्यंत कुणाला नाही, आणि त्याला तर मुळीच नाही. म्हणाली, त्याला कळलं तर तो रांगोळी घालायचा नाही, आणि मग समोरच्या बायकांना लगेच समजेल. बाकी कशाचा नाही, पण एवढा भरोसा आहे मला त्या पोराचा.”