गेटवरचा बदली

दौलत पाताडे नऊ वर्षं गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पाळी सुरू होण्याआधी गेटवर उभं राहायचं. मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. दुपारच्या पाळीला परत हजर. मी त्याच खात्यात कायम होतो. वर्षाला चार खाडे करायचो. त्यातले दोन दौलतला मिळायचे, हे तो अजून लोकांना सांगतो.

कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं, त्याच महिन्यात संप झाला. पुढे गिरणीच राहिली नाही.

आता तो लालबागला मुलाकडे विसाव्या मजल्यावर राहतो. मुलगा वैभव, सून मेघना, दोघांच्या नोकऱ्या. नातू ध्रुव सहा वर्षांचा. शाळा परळला, सुटते साडेबाराला. तेव्हा वैभव किंवा मेघना ऑफिसातून धावत येणार, पोराला घरी आजीपाशी, म्हणजे दौलतच्या बायकोपाशी, रखमावहिनींपाशी सोडणार आणि न जेवता परत पळणार. घरात धडधाकट आजोबा असताना. कारण काय, तर अप्पांना त्रास नको.

मूल न्यायला येणाऱ्यांची शाळेने फोटोची कार्डं केली. तीन माणसांची सोय होती. वैभव, मेघना आणि मानसी. मानसी म्हणजे ध्रुवच्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिच्याकडे गाडी आहे.

"माझा फोटो पण लावा की," दौलत म्हणाला.

"अप्पा, तुमचे गुडघे, त्यात ऊन. आयुष्यभर उभेच राहिलात तुम्ही. आता आराम करा," मेघना म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली.

दौलतने परत विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सव्वाबाराला शाळेसमोर उभा राहू लागला. घरी सांगायचा, बागेत जातो. रस्त्याच्या पलीकडे, बसस्टॉपच्या मागे, पोराला दिसणार नाही अशा बेताने. ध्रुव आईच्या किंवा बापाच्या हातात गेला की हा घरी निघायचा. जून ते नोव्हेंबर, एक खाडा नाही.

"उपयोग काय रे?" मी विचारलं.

"एखाद दिवस कोणी आलं नाही तर?"

"तरी तुझ्याकडे कार्ड कुठाय?"

"ते नंतरचं. आधी माणूस हजर पाहिजे."

रखमावहिनींना सगळं ठाऊक होतं. मला म्हणाल्या, "गिरण बंद पडली भाऊ, पण ह्येंची हजेरी काय सुटाक नाय."

नोव्हेंबरात पालकांच्या ग्रुपवर शाळेचा मेसेज आला. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा रोज शाळा सुटताना समोर घुटमळतो, पालकांनी सावध राहावं. मेघनाने तो जेवताना मोठ्याने वाचला.

"काय एकेक माणसं असतात! अप्पा, बागेत जाता तेव्हा तुम्ही पण जरा लक्ष ठेवा."

"ठेवतो," दौलत म्हणाला.

मेघनाने मेसेजला अंगठा दिला. वहिनी मान खाली घालून भात कालवत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून दौलत टोपी खिशात घालून जाऊ लागला.

मग तो गुरुवार आला. पाळी वैभवची होती. त्याची मीटिंग निघाली, म्हणून त्याने मोबाइलच्या कॅलेंडरात दिवस मेघनाला दिला. तिच्याकडे ऑडिट होतं, म्हणून तिने तो परत त्याच्याकडे सरकवला. दोघांनी फोन सायलेंटवर टाकले. मानसीची मुलगी तापाने घरी होती.

मी त्या दिवशी डोळ्यांचे थेंब घ्यायला दौलतबरोबर निघालो होतो. पावणेएक झाला तरी कोणी येईना. आत बाकावर ध्रुव एकटा राहिला. दौलतने खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि रस्ता ओलांडला.

गेटवर मृणालिनी मॅडम होत्या. "कार्ड?"

"नाही. मी आजोबा त्याचा. रोज बघता ना मला?"

"रोज बघते, म्हणूनच तर मेसेज टाकला!"

आतून ध्रुव ओरडला, "आजोबा!"

"मुलं सगळ्याच म्हाताऱ्यांना आजोबा म्हणतात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वॉचमनला जवळ बोलावलं.

मी भांडायला पुढे झालो. दौलतने मला मागे ओढलं. "बरोबर करतायत त्या. कार्ड नाही तर आत नाही." मग मॅडमना म्हणाला, "पोर नका देऊ. फोन लावत राहा. मी इथंच आहे."

वॉचमनने खुर्ची दिली. तो बसला नाही. ध्रुव गेटच्या आत, हा बाहेर. गजांतून दोघं बोटांचा खेळ खेळत होते. तासभर.

दोनला दहा कमी असताना मेघना टॅक्सीतून उतरली. केस विस्कटलेले, हातात फोन, त्यावर मॅडमचे नऊ मिस्ड कॉल.

"मेसेजमधला माणूस हाच," मॅडम म्हणाल्या. "ओळखता का?"

मेघनाने टोपीकडे बघितलं. "माझे सासरे आहेत."

"मग कार्डवर का नाहीत?"

ध्रुवचं दप्तर मेघनाने स्वतः घेतलं, मग थांबून दौलतच्या हातात दिलं.

सोमवारी चौथं कार्ड आलं. दौलत ते मला दाखवायला घेऊन आला. फोटो बरा होता. नावाखाली लिहिलं होतं: पर्यायी व्यक्ती, मुदत एप्रिलअखेर.

"म्हणजे बदली," मी म्हणालो.

"बदलीच. पण फोटो आहे."

त्या आठवड्यात वैभव आणि मेघना दोघंही रोज येत होते, तेही शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी. दौलतला एकही दिवस काम मिळालं नाही. तो मात्र आता बसस्टॉपच्या मागे नव्हता. सव्वाबाराला थेट गेटवर, टोपी डोक्यावर, कार्ड गळ्यात. ध्रुव त्यांच्याबरोबर निघाला की तो मॅडमना हात करायचा आणि चालत घरी जायचा.